नेपाळ: सख्खा शेजार, उघडी सीमा आणि आपण

मांगरवाला:

आंब्याच्या हंगामात रत्नागिरी, राजापूर, देवगड पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या बागेत जा, नेपाळी बोलणं कानावर पडतंच. बरेच जण दशैं, म्हणजे आपला दसरा, घरी करून इकडे येतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मधले सात-आठ महिने बाग त्यांच्या जिवावर असते. फवारणीचा पंप धरायचा, वानरांचे कळप हाकायचे, रात्री राखणीला जागायचं. काढणी सुरू झाली की झेला (जाळी लावलेली काठी) घेऊन झाडावर चढायचं, देठ राखून फळ उतरवायचं, मग मांगरात (बागेतल्या खोपीत) बसून वजनाप्रमाणे निवड करून पेंढ्यात पेट्या भरायच्या. वाशीला जाणाऱ्या पेटीवर बागायतदाराचं नाव असतं, पण ती भरणारे हात बहुतेक वेळा कैलाली, कंचनपूर, डोटी, अछाम असल्या जिल्ह्यांतले असतात.

आमच्याकडचं कुटुंब कैलालीतलं. आधी बाप यायचा, आता मुलगा आणि सून येतात. या धाग्याचा विषय त्यांच्यामुळेच सुचला. भारत आणि नेपाळ यांच्या नात्याबद्दल आपण बोलतो ते पशुपतिनाथ, जनकपूर, एव्हरेस्ट आणि अधूनमधून नकाशाचं भांडण, एवढ्यावरच. ज्या माणसांच्या येण्याजाण्यावर हे नातं रोज चालू आहे त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

थोडा इतिहास, कारण तो थेट आपल्यापर्यंत येतो. १८५७ च्या उठावानंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले. बेगम हजरत महलही तिकडेच गेली आणि काठमांडूतच वारली. पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांना जंगबहादूर राणानं आसरा दिला. पण याच जंगबहादुरानं आधी स्वतः फौज घेऊन येऊन लखनौ परत घ्यायला इंग्रजांना मदत केली होती. त्याचं बक्षीस म्हणून १८६० साली इंग्रजांनी नेपाळला बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा मुलूख परत दिला. तिकडे त्याला आजही ‘नया मुलुक’ म्हणतात. म्हणजे माझ्या बागेत राबणाऱ्या माणसाचं गाव आज नेपाळात आहे ते सत्तावन्नमुळे. मला हे कळलं तेव्हा कितीतरी वेळ डोक्यातून जात नव्हतं.

आजचं येणंजाणं चालतं ते ३१ जुलै १९५० च्या शांतता आणि मैत्री करारावर. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, कामाचा परवाना नाही. साडेसतराशे किलोमीटरच्या आसपासची सीमा, आपली पाच राज्यं तिला लागून, आणि दोन्हीकडचा माणूस पायी पलीकडे जाऊ शकतो. जगात अशा सीमा फार थोड्या आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे: ही सीमा उघडीच राहिली पाहिजे, पण ती ओलांडून येणाऱ्या गरीब माणसाची दोन्ही सरकारांनी नोंद घेतली पाहिजे. आत्ता तो कुणाच्याच वहीत नाही. मागे आमच्या शेजारच्या बागेत एक गडी झाडावरून पडला, कमरेचं हाड मोडलं. मालकानं विमा काढलेला होता, पण दावा अडला तो ओळखपत्राच्या रकान्यावर. त्याच्याकडे नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र होतं आणि ते बघून समोरच्या माणसाला पुढे काय लिहायचं हेच कळेना. शेवटी खर्च मालकानं केला. मालक तसा नसता तर?

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मत असेल तर तेही लिहा.

निवृत्त_सुभेदार:

चांगला विषय घेतलात. मी ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागाचा माणूस, नोकरीतला मोठा काळ गोरखा पलटणीबरोबर अटॅचमेंटवर काढला. नेपाळी तिथंच शिकलो, कारण पलटणीत कामकाज त्याच भाषेत चालतं. साहेब केरळचा असो की कोल्हापूरचा, जवानाशी गोरखालीतच बोलणार.

नव्या वाचकांसाठी सांगतो. १९४७ साली भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे आल्या, चार ब्रिटिशांकडे गेल्या. ब्रिटिशांकडे जायला नकार दिलेल्या जवानांसाठी पुढे अकरावी गोरखा उभी केली. आज सात रेजिमेंट आणि चाळीसच्या आसपास पलटणी आहेत. कारगिलमध्ये खालुबारवर कॅप्टन मनोज पांडे यांच्या मागून चढून गेले ते पहिल्या-अकराव्याचे, म्हणजे अकराव्या गोरखाच्या पहिल्या पलटणीचे जवान. त्यात आपल्या दार्जिलिंगकडची पोरं होती तशी नेपाळातलीही होती. परक्या देशाचा नागरिक आपल्या झेंड्याखाली लढतो आणि मरतो, याला आपण इतके सरावलोय की त्याचं मोठेपण दिसत नाही.

नात्याचा दुसरा पुरावा पेन्शनचा. नेपाळात आपल्या फौजेचे लाखावर पेन्शनर आहेत. काठमांडू, पोखरा आणि धरान इथं पेन्शन वाटपाची कार्यालयं आहेत. पोखऱ्याच्या आसपासच्या डोंगरातल्या कितीतरी घरांत चूल या पैशावर पेटते. दोन्ही लष्करप्रमुखांना एकमेकांच्या सैन्यात मानद जनरल करतात, ती परंपरा १९५० पासूनची.

आता दुःखाची गोष्ट. कोविडपासून नेपाळातली भरती बंद पडली ती बंदच आहे. २०२२ साली अग्निपथ आल्यावर नेपाळनं सांगितलं की चार वर्षांची नोकरी १९४७ च्या करारात बसत नाही, आधी बोलू. ते बोलणं काही झालं नाही. आजोबा, बाप, मुलगा अशी एकाच पलटणीत पिढ्यांची नोकरी मी पाहिलेली आहे. ती साखळी तुटली. तीच पोरं आता आखातात, मलेशियात जातात. काही तर रशियाच्या फौजेत भरती होऊन युक्रेनमध्ये मेली. त्या बातम्या वाचून मला झोप लागली नव्हती. ती आपली पोरं होती हो.

सीमोल्लंघन:

लेख मनापासून आवडला, पण उघड्या सीमेबद्दल माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो.

डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ विमान पळवून कंदाहारला नेलं. ऑगस्ट २०१३ मध्ये लष्कर-ए-तैयबाच्या अब्दुल करीम टुंडाला दिल्ली पोलिसांनी पकडलं ते बनबसाजवळ, नेपाळच्या हद्दीला लागून. त्याच महिन्यात इंडियन मुजाहिदीनचा यासिन भटकळ बिहारच्या सीमेवर सापडला. खोट्या नोटा याच वाटेनं यायच्या. पुण्याच्या जर्मन बेकरीतल्या बॉम्बस्फोटात काय झालं ते या संस्थळावरच्या अनेकांनी जवळून पाहिलं आहे. त्यामुळे ‘उघडी सीमा’ म्हटलं की मला आधी या गोष्टी आठवतात, आंबे नंतर.

आणि करार दोन्ही बाजूंनी सारखा पाळला जातो का? नेपाळी माणूस भारतात नोकरी करतो, धंदा करतो, अनेक सरकारी नोकऱ्यांनाही अर्ज करू शकतो. भारतीयाला नेपाळात जमीन घेता येत नाही, कामासाठी परवान्याचा विषय अधूनमधून निघतोच. मग बरोबरीचं नातं कुठं आहे?

सीमेवर कुंपण घाला असं मी म्हणत नाही. पण ओळखपत्र दाखवल्याशिवाय कुणी इकडून तिकडे जाऊ नये, एवढं मागणं गैर आहे का?

अछामची_लेक:

मी इथे बहुतेक वाचनमात्र असते. आज लिहावंसं वाटलं.

माझे आईवडील अछामचे. वडील पुण्यात एका सोसायटीत राखवालदार, आई चार घरी स्वयंपाक करते. माझा जन्म इथला, शाळा मराठी माध्यमाची. घरी डोट्याली बोलतो, बाहेर मराठी. वडिलांचं नाव सोसायटीतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. सगळ्यांसाठी ते ‘बहादूर’. ते वाईट मनानं म्हणत नाहीत, मला कळतं. पण माणसाला स्वतःचं नाव असतं.

सीमोल्लंघन दादा, ओळखपत्राला आमच्यातल्या कुणाचाच विरोध नाही. उलट ओळखपत्र बघून सोडलं तर बरं होईल. आत्ता काय होतं ते सांगते. आम्ही बनबसावरून जातो. शारदा बॅरेजचा अरुंद पूल ओलांडला की पलीकडे गड्डाचौकी. वर्षभराची कमाई आईनं परकराच्या आतल्या खिशात शिवलेली असते. सामान म्हणजे प्रेशर कुकर, दोन ब्लँकेटं, मुलांचे कपडे, एखादा जुना फोन. वाटेत वर्दीतली माणसं पिशव्या उसकटतात, अलीकडेही आणि पलीकडेही. कुकरची पावती कुठाय, एवढे पैसे कुठून आणले. मग काहीतरी हातावर ठेवून पुढे जायचं. ज्याच्याकडे लपवण्यासारखं मोठं काही असतं तो या रांगेत उभाच राहत नाही. उभे राहतात ते माझ्या आईसारखे लोक.

आणि नातं एकट्या भारतानंच दुखावलं असंही मी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये नेपाळ सरकारनं स्वतःच्याच माणसांना सीमेवर अडवलं. धारचुल्याला शेकडो मजूर नदीच्या अलीकडे अडकले. समोर आपलं गाव दिसतंय आणि झुलता पूल बंद. काही तरुणांनी महाकालीत उड्या टाकल्या आणि पोहून गेले, तर पलीकडे त्यांनाच पकडलं. माझा एक मामा त्या गर्दीत होता. तो अजून म्हणतो, तिकडचेही आमचे नाहीत आणि इकडचेही.

एक विनंती. ‘बुद्ध भारतात जन्मला’ असं कुणी म्हटलं की नेपाळी माणूस का चिडतो, हे समजून घ्या. लुंबिनी नेपाळात आहे. तेवढं मान्य करायला कुणाचं काही जात नाही.

मांगरवाला:

अछामची_लेक, फार बरं केलंस लिहून. परकराच्या खिशाचं आमच्याकडची सूनही असंच सांगते. पैसे सुरक्षित पाठवायची सोय असती तर ही वेळच आली नसती. कुणी बँकेतलं असेल तर सांगा, सरळ खात्यावर पाठवता येतात का?

सीमोल्लंघन, जमिनीचा मुद्दा बरोबर आहे. पण नेपाळ तीन कोटींच्या आतबाहेरचा देश आहे आणि शेजारी आपण. त्यांनी जमीन राखली तर मला ते समजू शकतं. आपणही हिमाचलात, ईशान्येत बाहेरच्यांसाठी जमिनीचे निर्बंध ठेवलेच आहेत. आणि भारतीय तिकडे कमवत नाहीत असं नाही. काठमांडूत भाजीची हातगाडी, केशकर्तन, गवंडीकाम, फर्निचर यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातली माणसं मोठ्या संख्येनं आहेत आणि ती घरी पैसे पाठवतात.

वैनगंगा:

२०१५ च्या शरदात मी कामानिमित्त काठमांडूत होते. पाटणला एका कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर राहायचे. भारताच्या सीमेवर नेपाळला जाणारा माल अडला, ती नाकेबंदी मी पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधीचं चित्र लक्षात घ्या. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. भारताची मदत काही तासांत पोचली, हवाई दलाची विमानं त्याच दिवशी उतरली. लोक ते विसरले नव्हते. आपल्या वाहिन्यांनी मात्र ढिगाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडासमोर माईक धरून जे केलं, तेही विसरले नव्हते. २० सप्टेंबरला नवी राज्यघटना लागू झाली. तराईतल्या मधेशी आणि थारू लोकांना ती अन्यायाची वाटली आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रांतांच्या सीमा, नागरिकत्व, प्रतिनिधित्व, सगळ्यात त्यांना डावललं जातंय ही भावना जुनी आहे. आंदोलनात चाळीसहून जास्त माणसं मेली. आंदोलक बीरगंज आणि रक्सौलच्या मधल्या मितेरी पुलावर बसले आणि ट्रक अडले. भारत सांगत होता, आम्ही काही अडवलेलं नाही, सुरक्षितता नाही म्हणून ट्रकवाले जात नाहीत. पण जिथं आंदोलन नव्हतं त्या नाक्यांवरूनही इंधन येणं जवळपास थांबलं होतं. काठमांडूतल्या एकाही माणसानं दिल्लीचं म्हणणं खरं मानलं नाही.

रोजचं जगणं असं होतं. स्वयंपाकाचा गॅस संपला. नंतर नंतर नेपाळ ऑइल निगम सिलिंडर अर्धाच भरून द्यायला लागलं, त्यासाठीही पहाटेपासून रांग. आमच्या घरमालकीणबाईंनी मागच्या अंगणात विटांची चूल मांडली. भूकंपात पडलेल्या घराच्या तुळया फोडून त्यावर डाळभात शिजायचा. दशैं आला, बकरा कापला, पण गावाकडून येणाऱ्या लेकीला बस मिळाली नाही, डिझेल नव्हतं. दवाखान्यांत औषधं कमी पडली. वरच्या सिंधुपाल्चोकमध्ये भूकंपाची माणसं पत्र्याखाली थंडी काढत होती आणि त्यांच्यापर्यंत ब्लँकेटं पोचवायला गाडी नव्हती. बाई मला कधीही वावगं बोलल्या नाहीत. एकदाच विचारलं, ‘तिमीहरूले किन यस्तो गरेको?’ तुम्ही लोकांनी असं का केलंत? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फेब्रुवारी २०१६ पर्यंत हे चाललं. मार्चमध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान के. पी. ओली बीजिंगला जाऊन चीनशी पारगमन करार (चीनमार्गे मालाची ने-आण करण्याचा) करून आले. पुढच्या निवडणुकीत ते भारतविरोधी सुरावर जिंकले. मधेशींच्या पदरातही फारसं पडलं नाही. ज्यांच्या बाजूनं आपण उभे आहोत असं आपल्याला वाटत होतं, त्यांच्यावर काठमांडूत ‘भारताचे हस्तक’ हा शिक्का आणखी पक्का बसला.

आता १९५० च्या कराराबद्दल. नेपाळला तो का सलतो? सही करताना त्यांच्याकडून पंतप्रधान मोहन शमशेर, आपल्याकडून राजदूत. तेव्हा राणाशाही शेवटचे आचके देत होती, काही महिन्यांतच ती गेली. अशा वेळी झालेला करार बरोबरीचा वाटत नाही, हे त्यांचं म्हणणं. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी मिळून मान्यवरांचा एक गट नेमला. भारताच्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्याकडे राज्यपाल होते. नेपाळच्या बाजूला भेखबहादूर थापा. दोन्ही बाजूंनी एकमतानं अहवाल २०१८ मध्ये तयार झाला. तो आधी भारताच्या पंतप्रधानांना द्यायचा ठरला होता आणि वर्षानुवर्षं स्वीकारलाच गेला नाही. आपणच नेमलेल्या माणसांचा अहवाल आपण हातात घेत नाही, याचा मला राग येतो. नको असतील त्या शिफारशी नाकारा. पण वाचून नाकारा.

पाटबंधारे:

वैनगंगाताईंशी सहमत. माझं क्षेत्र पाण्याचं, म्हणून कोसीबद्दल लिहितो.

कोसीचं बॅरेज भीमनगरजवळ आहे. ते पूर्ण नेपाळच्या हद्दीत, पण चालवतं बिहारचं जलसंपदा खातं. १९५४ चा करार. छप्पन्न दरवाजे आहेत, आणि पावसाळ्यात त्यातले किती उघडले यावर दोन्ही देशांत अफवा चालतात. नेपाळात म्हणतात भारत दरवाजे बंद ठेवून आम्हाला बुडवतो, बिहारमध्ये म्हणतात नेपाळनं पाणी सोडलं. कोसीवर नेपाळात पाणी साठवणारं मोठं धरणच नाही, तर ‘सोडणार’ काय? बॅरेज पाणी अडवून साठवत नाही, पातळी उचलून कालव्यात वळवतं. हा साधा मुद्दा वर्तमानपत्रंसुद्धा चुकवतात.

१८ ऑगस्ट २००८ ला बॅरेजच्या वरच्या अंगाला कुसहाजवळ पूर्वेचा बांध फुटला. पूर मोठा होता म्हणून फुटला नाही. त्या दिवशी नदीत दीड लाख क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास पाणी होतं, रचना साडेनऊ लाखांची. बांधाच्या देखभालीची जबाबदारी करारानं भारताची, जमीन नेपाळची, मजूर आणि दगड कुणी कसे न्यायचे यावर वाद. आठवडा-दोन आठवडे आधीपासून बांध झिजतोय हे दिसत होतं. नदी फुटली ती जुन्या पात्रात शिरली, सुपौल, मधेपुरा, अररियातली तीस लाखांवर माणसं पाण्यात. नेपाळच्या सुनसरीतही हजारो कुटुंबं उघड्यावर आली. सप्टेंबर २०२४ मध्ये साडेसहा लाख क्युसेक आलं, सगळे दरवाजे उघडावे लागले, तेव्हाही बिहारमध्ये बांध फुटलेच.

जाता जाता एक गोष्ट. बॅरेजजवळच नेपाळचं हनुमाननगर आहे. १९४३ साली भूमिगत असलेल्या जयप्रकाश नारायण आणि राममनोहर लोहियांना नेपाळच्या शिपायांनी पकडून तिथं ठेवलं होतं. त्यांच्याच आझाद दस्ता या भूमिगत तुकडीच्या तरुणांनी हल्ला करून त्यांना सोडवलं. नेपाळचे पहिले निवडून आलेले पंतप्रधान बी. पी. कोइराला तर बेचाळीसच्या लढ्यात आपल्याच तुरुंगात होते. नेपाळी काँग्रेसचा पायाही भारतातच घातला गेला. दोन्हीकडच्या लोकशाहीनं एकमेकांच्या अंगणात आसरा घेतलेला आहे, मग बांधाच्या दगडावरून भांडण कशाला?

साळुंकी:

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. उघड्या सीमेचा सगळ्यात काळा भाग मुंबईत आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये कामाठीपुऱ्यात धाडी पडल्या आणि शेकडो मुली सोडवल्या गेल्या, त्यात नेपाळच्या मुली फार मोठ्या संख्येनं होत्या. सुधारगृहांत महिनोन् महिने त्या अडकल्या, कारण त्यांना परत घ्यायला नेपाळ सरकार पुढे येत नव्हतं. त्यांच्याकडे कागद नाहीत म्हणून त्या नेपाळी आहेत हेच सिद्ध होत नाही, असं म्हणत होते. शेवटी काठमांडूतल्या स्वयंसेवी संस्थांनी त्यांना नेलं. त्याच मुलींपैकी काहींनी ‘शक्ती समूह’ ही संघटना काढली. मानवी तस्करीतून सुटलेल्या बायकांनी स्वतः चालवलेली ही संघटना. २०१३ मध्ये तिला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मी सीमा बंद करा म्हणत नाही. शक्ती समूहाचं कामही सीमा बंद करण्यासाठी नाही. सीमेच्या नाक्यांवर अशा संघटनांच्या बायका उभ्या असतात, एकट्या मुलीबरोबर अनोळखी पुरुष दिसला की विचारपूस करतात. सीमोल्लंघन, ओळखपत्र पाहणाऱ्या शिपायापेक्षा अशी एक बाई जास्त मुली वाचवते. मांगरवाला म्हणतात ती नोंद मला याच कारणासाठी हवी आहे. मुलगी नेपाळातून निघाली याचा कागद असेल तर ती हरवल्याचं कुणालातरी कळेल.

सीमोल्लंघन:

साळुंकी, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नोंद हवी यावर आपण सगळे एका जागी आलोय असं दिसतंय.

पण उत्तराखंडाच्या टोकाच्या लिपुलेख खिंडीचं काय? २०२० मध्ये आपण तिथं रस्ता केला, त्यांनी तो भाग आपला दाखवणारा नकाशा थेट राज्यघटनेत घातला. आता शंभराच्या नोटेवरही तोच नकाशा छापलाय. याला मैत्री कशी म्हणायची?

वैनगंगा:

नोटेवर नकाशा छापून प्रश्न सुटत नाही, हे नेपाळातही अनेक जण बोलतात. मूळ वाद १८१६ च्या सुगौली कराराचा. काली (नेपाळात महाकाली) नदी ही सीमा हे दोघांना मान्य, पण कालीचा उगम कोणता, यावर एकमत नाही. कालापानीत आपली चौकी १९६२ च्या चीन युद्धाच्या काळापासून आहे. हा वाद टेबलावर बसून सुटण्याजोगा आहे. दोन्ही देशांनी सीमेचा बहुतेक सगळा भाग आखून नकाशेही तयार केले आहेत, अडलंय ते कालापानी आणि सुस्ता या दोन ठिकाणी. त्यासाठी बाकीचं सगळं पणाला लावू नये.

दरम्यान दुसरीकडे बघा. काही वर्षांपूर्वीपर्यंत काठमांडूत दिवसातले बारा-सोळा तास वीज नसायची. ढल्केबर ते मुझफ्फरपूर ही वाहिनी झाल्यावर भारतातून वीज गेली आणि भारनियमन संपलं. आता पावसाळ्यात नेपाळच भारताला वीज विकतो. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत दहा हजार मेगावॅट घेण्याचा करार झाला, आणि त्याच वर्षी भारताच्या तारांमधून नेपाळची चाळीस मेगावॅट वीज बांगलादेशात पोचली. मोतिहारीहून अमलेखगंजला इंधनाची नळी २०१९ पासून चालू आहे. नाकेबंदीत जे इंधन पुलावर अडलं होतं, ते आता जमिनीखालून जातं.

निवृत्त_सुभेदार:

वैनगंगाताई, नळीचं वाचून बरं वाटलं. माझ्या पलटणीतले एक सुभेदार साहेब हेटौड्याजवळ राहतात. नाकेबंदीच्या हिवाळ्यात फोनवर फक्त रॉकेलबद्दल बोलायचे.

खातेवही:

मांगरवाला, मी बँकेत काम करतो, म्हणून पैशांच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स योजना २००८ पासून आहे. एनईएफटीची सोय असलेल्या शाखेतून अर्ज करता येतो, पैसे स्टेट बँकेमार्फत नेपाळ एसबीआय बँकेकडे जातात. तिकडे ज्याचं खातं आहे त्याला खात्यात मिळतात, नसलं तर ठरलेल्या केंद्रावर रोख. इथं खातं नसलेला माणूसही काउंटरवर रोख भरू शकतो, एका वेळी पन्नास हजारांपर्यंत, वर्षातून बारा वेळा. खात्यातून पाठवायचे तर २०२१ पासून मर्यादा दोन लाख आहे. भाव १९९३ पासून एका भारतीय रुपयाला एक पूर्णांक साठ नेपाळी रुपये असाच बांधलेला आहे, त्यामुळे दर वरखाली होण्याची भीती नाही.

अडचण अशी की अनेक शाखांमधल्या नव्या कर्मचाऱ्यांना ही योजना माहीतच नसते. नाही म्हणाले तर योजनेचं नाव घेऊन शाखाधिकाऱ्याला भेटा. आणि नेपाळी नागरिकाला ओळखीचे कागद दिले की भारतात बचत खातं उघडता येतं, हेही त्यांना ठामपणे सांगा.

अछामची_लेक:

खातेवही काका, हे आईला आजच सांगते. अर्ज मराठीत किंवा हिंदीत असतो का? वडिलांना इंग्रजी येत नाही.

खातेवही:

अर्ज साधा आहे, पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्र आणि घेणाऱ्याचा तपशील. घेणाऱ्याचं नाव नागरिकता प्रमाणपत्रावर आहे तसंच लिहायचं, एक अक्षर इकडेतिकडे झालं की तिकडे पैसे अडतात. भरताना तू बरोबर जा.

मांगरवाला:

आमच्या सुनेचं खातं धनगढीला आहे. एप्रिलच्या काढणीचा हिशेब झाला की मी स्वतः तिला घेऊन शाखेत जातो. दोन लाखांची मर्यादा दिवसाची की एका व्यवहाराची?

खातेवही:

एका व्यवहाराची.